मंदूबाची बिनपगारी पोर

चिअरलीडर म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढे काय नाचलं, खरं सांगाल? बाउंड्रीच्या दोरीपाशी झगमगत्या झालरी हलवणाऱ्या गोऱ्या पोरी, हो ना? आणि 'काय हा तमाशा' म्हणत चॅनेल मात्र न बदलणारे तुम्ही. लाजू नका. शारजात अल मजाजच्या एका टॉवरमध्ये राहणाऱ्या जहूर परकारच्या डोळ्यांपुढेही तेच नाचलं होतं. आणि त्याला तर ही बातमी खुद्द त्याच्या मुलीने दिली होती. भर जेवणात.

"अब्बा, आय मेड द चिअर टीम!"

सुरमईचा घास जहूरच्या तोंडाच्या दारात थांबला. त्याने बायकोकडे बघितलं. नूरजहाँ भाताच्या पातेल्यात डोकं घालून काहीतरी शोधत होती. म्हणजे तिला आधीपासून माहीत होतं.

"नाचणार तू? स्टेडियममध्ये?"

"इट्स नॉट डान्स, अब्बा!"

यम्ना तेव्हा एकोणीस वर्षांची, युनिव्हर्सिटीत शिकणारी. रुंद खांदे, जाड मनगटं. दाभोळच्या खाडीत होड्या ओढणाऱ्या आजोबांची हाडं तिच्यात जशीच्या तशी उतरलेली. तिने तिथल्या तिथे उभं राहून बापाला खेळ समजावला. यात दुसऱ्या कुणासाठी ओरडायचं नसतं, हाच सामना. अडीच मिनिटं गाणं वाजतं, तेवढ्यात कोलांट्या मारायच्या, माणसं हवेत फेकायची, झेलायची, मनोरे रचायचे. परीक्षक गुण देतात. वर उडते ती फ्लायर. खालून उचलते, धरते, झेलते ती बेस. यम्ना बेस होती. आणि तिच्या तळहातांवर उभी राहायची ती वरच्या मजल्यावर राहणाऱ्या हेमचंद्र देवस्थळींची वैभवी, सायकलच्या पंपाएवढी बारीक.

"म्हणजे उडणार वैभवी, टाळ्या वैभवीला, आणि तू खाली हमाल?"

"एक्झॅक्टली!" यम्ना आनंदाने ओरडली.

मग बुटांचा विषय निघाला. "चारशे दिरहम? म्हणजे साडेनऊ हजार रुपये!" जहूरने कपाळावर हात मारला. "बूट हिच्या पायात, आणि उभी राहणार ती दुसरीच!"

पण घेतले. रोल्लाच्या बाजारात नातेवाइकांना सांगताना मात्र 'पोरगी जिमनॅस्टिक करते' असं सांगितलं आणि विषय बदलला.

आता हा जहूर कोण, ते ऐका. एका बांधकाम कंपनीचा मंदूब. मंदूब म्हणजे कंपनीचा पळता माणूस. कुणाचा व्हिसा काढायचा, कुणाचा रद्द करायचा, कुणाला मेडिकलला न्यायचं, सगळं त्याच्या अंगावर. आता सगळं मोबाइलवर आलं, पासपोर्टात स्टिकरही चिकटत नाही, तरी अडलेली गाडी ढकलायला शेवटी मंदूबच लागतो. रत्नागिरीकडची किती पोरं त्याचं बोट धरून इथे उतरली होती! त्याची रीत ठरलेली. आधी व्हिजिटवर ये, इथे काम बघ, पगाराचा कागद हातात आला की स्टेटस चेंज, म्हणजे व्हिजिटचा झाला नोकरीचा व्हिसा, खलास. चोरी नाही, लबाडी नाही, इथल्या कायद्यात बसणारी सरळ वाट. आणि त्याच्या हातून गेलेलं काम परत आलेलं कुणी बघितलं नव्हतं. चालताना तो जरा मागे झुकून चालायचा ते पोटामुळे नाही, या अभिमानामुळे.

त्यामुळे टेरी मॅडमचा निरोप आला तेव्हा घरात सगळ्यात आधी उडी मारली ती जहूरने.

टेरी मॅडम अमेरिकेतली कोच, डॅलसच्या बाजूला तिची जिम. दुबईत शिबिराला आली होती, तिथे तिने यम्नाला बघितलं. पाच मुली बघितल्या हवेत, आणि खालच्या यम्नावरून तिची नजर हटेना. आता तिची एक बेस गुडघा घेऊन बसली होती. तिने लिहिलं होतं, सीझनच्या शेवटच्या दोन महिन्यांसाठी ये, आमच्याबरोबर सराव कर, शेवटच्या दोन स्पर्धा खेळ. राहायची सोय एका खेळाडूच्या घरी.

यम्ना सोफ्यावरून टेबलावर, टेबलावरून परत सोफ्यावर उड्या मारत होती. खालच्या मजल्यावरून काठीने ठोकल्याचा आवाज आला.

"अब्बा, व्हिसाचं मी वाचलंय. अमेरिकेचं वेगळं असतं. लिसन..."

"व्हिसाचं तू मला सांगणार?" जहूर इतका खूश होता की त्याला राग सुद्धा धड येत नव्हता. "अगो, व्हिसा म्हणजे व्हिसा. इथे खिडकीत पांढऱ्या झग्यातला कंदुरावाला बसतो, तिथे टायवाला. एवढाच फरक. लाव त्या मॅडमला फोन."

फोन लागला. स्पीकरवर.

"मॅडम, हाऊ मच सॅलरी?"

पलीकडे टेरी खळखळून हसली. म्हणाली, सर, आमच्याकडे खेळाडूंना पैसे मिळत नाहीत, तेच आम्हाला फी देतात.

जहूरने घाईघाईने म्यूट दाबलं. "ही बाई पोरीकडून पैसे घेणार? आणि वर तिच्याच खांद्यावर माणसं चढवणार?" मग म्यूट काढून गोड आवाजात, "मॅडम, सॅलरीशिवाय व्हिसा म्हणजे गोश्ताशिवाय बिर्याणी. लिहा काहीतरी. माझ्या मुलीला कुणी भिकारी समजू नये."

टेरीला बेस हवी होती आणि व्हिसातलं काही कळत नव्हतं. तिने बापाच्या समाधानासाठी पत्रात लिहून टाकलं, यम्ना लहान मुलांचे वर्गही घेईल आणि त्याचा मोबदला तिला मिळेल. जहूरने ते पत्र वाचलं आणि त्याची छाती अशी फुगली की शर्टाचं बटण ताणलं.

मुलाखतीची तयारी त्यानेच करून घेतली. "विचारलं पगार आहे का, तर मान वर करून सांगायचं, आहे. विचारलं पुढे काय, तर सांगायचं, काम पसंत पडलं तर इन्शाल्ला स्टेटस चेंज."

वैभवी जमिनीवर दोन्ही पाय कानामागे टाकून बसली होती. तिने तशीच मान वळवली. "अंकल, आर यू शुअर?"

"बेटा, तू उडायचं बघ. जमिनीवरचं मी बघतो."

झालं! दुबईतल्या अमेरिकन कॉन्सुलेटच्या बाहेर जहूर खजुराच्या झाडाखाली उभा राहून, आतून आलेल्या प्रत्येक माणसाच्या तोंडावरून त्याचा निकाल ओळखत होता. हा झाला. ही नाही झाली. हा झाला. मग यम्ना आली, आणि पहिल्यांदा त्याला चेहरा वाचता आला नाही. किंवा वाचायचा नव्हता.

"काय म्हणाला साहेब?"

"मॅडम होती. शी वॉज नाइस." यम्ना सरळ समोर बघत होती. "म्हणाली, तू व्हिजिटवर चाललीयस आणि पत्रात काम लिहिलंय. मग विचारलं, नंतर काय प्लॅन. मी सांगितलं, स्टेटस चेंज."

"मग?"

"मग तिने पासपोर्ट परत दिला. व्हिसा देणार असले तर ठेवून घेतात."

शारजाच्या ट्रॅफिकमध्ये जहूर एकटाच बोलत होता. पगार दाखवला म्हणून नाही म्हणतात! कष्टाचा पगार! काय दिवस आले! शेजारच्या टॅक्सीवाल्याने काच खाली करून विचारलं, भाईसाब, सब ठीक? घरी येऊन यम्नाने बॅग उचलली आणि सरावाला निघून गेली.

संध्याकाळी लिफ्टमध्ये हेमचंद्र भेटले. विमा कंपनीत नोकरी, बोलणं पुण्याचं. लिफ्टमधून सुटका नसते.

"जहूरभाई, ऐकलं ते खरं का? तुमच्या हातून गेलेलं काम म्हणे पहिल्यांदाच परत आलं?"

"हेमचंद्रभाऊ, तुमची पोरगी हवेत असते तेव्हा खाली कोण असतं?"

"यम्ना असते."

"मग गप बसा."

हेमचंद्र गप बसले. पण नूरजहाँ गप बसणाऱ्यांतली नव्हती. दार उघडताच तिने तोफ डागली. "गावच्या पोरांना दहादा विचारता, तुला काय काम पाहिजे रे बाबा. स्वतःच्या पोरीला एकदा तरी विचारलंत? जा, तिला घेऊन या. मी जेवण वाढणार नाही तोवर."

इंडस्ट्रियल एरियात टायरच्या गोदामाशेजारी त्यांची जिम होती. जहूर आजवर तिच्या दारापर्यंत गाडी न्यायचा आणि हॉर्न मारायचा. आज पहिल्यांदा आत गेला. आत निळ्या गाद्या, रबराचा वास, आणि छप्पर फाटेल असं गाणं. यम्ना घोट्यापर्यंतच्या लेगिंगमध्ये आणि लांब बाह्यांत मधोमध उभी होती. फिलिपिनो कोच आकडे ओरडत होता. आठ म्हणताच वैभवी वर गेली. वर म्हणजे किती वर! जहूरने डोळे झाकले आणि बोटांच्या फटीतून बघितलं. ती तिथे वर एका पायावर उभी राहून हसत होती, विजेचं बिल भरायचं राहिलं नाही ना, एवढी शंकाही चेहऱ्यावर नाही, आणि तिच्या टाचेखाली यम्नाचा हात इमारतीच्या खांबासारखा.

दुसऱ्या फेरीला वैभवीचा पाय निसटला. ती डोक्याच्या बाजूने खाली आली. "या अल्ला!" जहूर किंचाळला. पण त्याची हाक पुरी व्हायच्या आत यम्ना तिच्याखाली होती. खांद्याने, छातीने, मिळेल त्या हाडाने तिने वैभवीला अडवलं. दोघी गादीवर आपटल्या. मग त्या गुंत्यातून खिदळण्याचा आवाज आला, आणि वैभवी ओरडली, "अगेन!"

जहूर घामाने निथळत होता, आणि त्याला हसू फुटत होतं, दोन्ही एकदमच. शेजारी कुणाचा तरी बाप उभा होता, त्याला त्याने हाताने धरून हलवलं. "वो नीचेवाली है ना? मेरी है! वो नीचेवाली!"

परतताना रस्त्यावरच्या कॅफेटेरियासमोर गाडी लावून त्याने हॉर्न दिला, पोऱ्या धावत आला, दोन करक चहा गाडीत आले. यम्नाच्या कोपरावर लाल चट्टा उठला होता.

"आता सांग," जहूर म्हणाला. "ते तुझं वाचलेलं सांग. मी मध्ये बोलणार नाही."

"प्रॉमिस?"

"वल्ला."

"ओके. एक, स्टुडंट व्हिसा. तिथल्या कॉलेजात फुल टाइम शिकायचं आणि कॉलेजच्या टीममध्ये खेळायचं. पण टेरीची जिम म्हणजे कॉलेज नाही."

"आणि तिथली फी..."

"अब्बा!"

"गप. गप बसलो."

"दुसरा, पी व्हिसा. ज्या खेळाडूंचं किंवा टीमचं नाव देशोदेशी माहीत आहे त्यांचा. अर्ज तिथल्या लोकांनी करायचा, पुरावे जोडायचे."

"तुझं नाव कुठवर माहीत आहे?"

यम्नाने विचार केला. "अजमानपर्यंत."

अजमान म्हणजे शारजाला चिकटलेलं पुढचंच गाव. दोघांच्या नाकातून चहा आला. डॅशबोर्ड पुसून झाल्यावर ती पुढे म्हणाली, "मग ओ व्हिसा, तो एकदम टॉपच्या लोकांचा. तो सोडा. राहिला व्हिजिट. हौशी खेळाडू, स्पर्धेत खेळायचं, पगार नाही, नोकरी नाही, ठरल्या दिवशी घरी. तिथे राहून जायचा विचार नाही हे त्यांना पटायला पाहिजे, आणि पटवायचं आपण."

जहूरचा कप हवेत थांबला. "म्हणजे आपण..."

"आपण एक्झॅक्टली उलटं सांगितलं."

बाहेर एका गाडीने हॉर्न दिला, पोऱ्या पळाला. जहूरला त्याने इथे आणलेल्या गावच्या सगळ्या पोरांची रांग डोळ्यांपुढे दिसली, व्हिजिटवर आलेली, राहिलेली. त्याने हळू आवाजात विचारलं, "तुला परत यायचंय का पण? खरं सांग. तिथे मोठ्या जिम आहेत, मोठ्या स्पर्धा आहेत."

"तुम्ही हे विचारलंच नव्हतं." यम्ना आता पूर्ण मराठीत बोलत होती, म्हणजे मामला गंभीर होता. "स्टेटस चेंज तुमचं होतं, अब्बा. मला तिथे जाऊन उचलायचंय. मोठ्या पोरींना, मोठ्या गर्दीत, एकदा तरी. आणि मग परत यायचंय. मे महिन्यात आमची इथली स्पर्धा आहे. युनिव्हर्सिटीने रजा दिलीय ती उन्हाळी सत्राला हजर व्हायच्या अटीवर. आणि वैभवीला कोण धरणार? तुम्ही?"

दुसऱ्या दिवसापासून मंदूब उलटा पळायला लागला. डोक्यावर चालणाऱ्या माणसाला जग जसं दिसतं तसं त्याला दिसू लागलं, आणि गंमत म्हणजे मजा यायला लागली. आधी टेरीला फोन.

"मॅडम, सॉरी, माय मिस्टेक. झिरो सॅलरी! लिहा, नो सॅलरी, नो जॉब, नो टीचिंग. आणि मॅडम, तुम्ही तिच्याकडून फी घेता ते लिहा. ठळक लिहा!"

टेरीनेही कान पकडले. विचारल्याशिवाय तसलं वाक्य लिहायला नको होतं, म्हणाली. नवं पत्र आलं, स्पर्धांच्या तारखांसकट, परतीच्या दिवसासकट. जहूर ते खिशात घालून रोल्लात गेला. ज्यांना आजवर 'जिमनॅस्टिक' सांगितलं होतं त्या सगळ्यांना दुकानादुकानांत गाठलं. "माझी पोरगी चिअरलीडर आहे. बेस! अमेरिकेत तिला एक फिल्ससुद्धा मिळणार नाही!"

"अरेरे," कपड्याच्या दुकानातला हारुन म्हणाला.

"अरेरे काय करतोस? मुबारक म्हण!"

"पण झालर हलवणार का रे ती?"

जहूरने काउंटरवर दोन्ही हात टेकले. "ये शुक्रवारी जिममध्ये. तुला उचलून दाखवेल. मग सांग झालर आहे की काय आहे."

दुसऱ्या मुलाखतीला त्याने यम्नाला काहीच पढवलं नाही. हे न पढवणं त्याला इतकं जड गेलं की तो गाडीत सारखा खोकत होता. खिडकीपलीकडे या वेळी एक मध्यमवयीन अधिकारी होता. त्याने मागचा नकार बघितला. यम्नाने सांगितलं, मागचं पत्र चुकीचं होतं, मी काम करणार नाही, आम्ही समजून न घेता लिहून घेतलं.

टीममध्ये तू काय करतेस, त्याने विचारलं.

"आय होल्ड पीपल अप."

आणि परत का येशील?

"माझी फ्लायर इथे आहे. मी नसेन तेवढे दिवस ती जमिनीवर. जास्त दिवस ठेवली तर ती माझा जीव घेईल." मग तिने इथल्या टीमची स्पर्धा, युनिव्हर्सिटी, घर, सगळं सांगितलं. अधिकाऱ्याने अजून दोन-चार प्रश्न विचारले, काहीतरी टाइप केलं, आणि पासपोर्ट स्वतःकडे ठेवला.

यम्ना बाहेर आली ती रिकाम्या हातांनी.

"पासपोर्ट कुठाय?"

"ठेवून घेतला."

पासपोर्ट ठेवून घेतला! आखातात हे वाक्य सांगणाऱ्या किती पोरांचे फोन जहूरला आले असतील. मालकांनी दाबून ठेवलेले पासपोर्ट सोडवायला जहूरने किती चकरा मारल्या असतील. पण त्या दिवशी भर उन्हात, रखवालदारादेखत, जहूर मंदूबाने पासपोर्ट ठेवून घेतल्याच्या आनंदात उडी मारली. दोन्ही पाय जमिनीवरून सुटतील अशी. रखवालदारही हसला.

व्हिसा लागून पासपोर्ट घरी आला त्या शुक्रवारी देवस्थळी मंडळी वरून खाली आली. नूरजहाँने बिर्याणी केली, हेमचंद्रांसाठी वेगळा व्हेज पुलाव. जेवणं झाल्यावर वैभवीने टाळी वाजवली. "अंकलना वर चढवायचं!"

"वेडी झालीस?"

"सिंपल आहे. दोन बेस गुडघ्यात वाकणार, तुम्ही त्यांच्या मांड्यांवर उभे राहणार. पप्पा, यू आर द सेकंड बेस."

"माझी पाठ!" हेमचंद्र म्हणाले. पण यम्ना सोफा सरकवून खाली वाकली सुद्धा होती. हेमचंद्र पुटपुटत वाकले. मागून नूरजहाँने नवऱ्याची कंबर धरली, लग्नात धरली नसेल एवढी घट्ट.

"अब्बा, बॉडी टाइट. सैल माणूस धरता येत नाही."

"आयुष्यभर टाइटच आहे मी!"

वैभवीने इंग्रजीत आकडे मोजले. आठला जहूरने डोळे मिटून पाय उचलले. उघडले तेव्हा तो वर होता. छत जवळ आलं होतं, खिडकीतून सबंध खालिद लगून दिसत होतं, पाण्यात दिव्यांच्या लांबच लांब रेघा. आणि तो हसत सुटला, वैभवी वर हसते तसाच, कारणाशिवाय.

"नूरजहाँ! एसीच्या जाळीवर किती धूळ आहे गो!"

"खाली या, मग दाखवते धूळ!"

तेवढ्यात हेमचंद्र "गेलो, गेलो" म्हणत बाजूला झाले. जहूर एका बाजूने कलला. पण खाली आलाच नाही. यम्नाने दोन्ही हातांनी त्याचे गुडघे आवळले होते, त्याच्या पोटाला डोकं टेकवलं होतं, आणि ती एकटीच त्याला धरून उभी होती. "आय गॉट यू, अब्बा. आय गॉट यू." मग तिने त्याला अलगद जमिनीवर ठेवलं. जहूर खूप वेळ खोकत राहिला. कुणी विचारलं तर एसीची धूळ म्हणायचं ठरवून.

यम्ना आता तिकडे आहे. सकाळी, म्हणजे तिच्या रात्री, व्हिडिओ कॉल येतो. तिथल्या फ्लायर वैभवीपेक्षा जड आहेत, पण तक्रार नाही. टेरी तिच्याकडून फी बरोबर घेते आणि जहूर ती अभिमानाने भरतो. त्याला स्वतःला मात्र जाता येणार नाही. त्याच्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळेपर्यंत सीझन संपलेला असेल. शेवटची स्पर्धा एप्रिलच्या अखेरच्या शनिवारी, डॅलसमध्ये. तिकडच्या पोरींचे आई-बाप, आजी-आजोबा, शेजारीपाजारी पाट्या घेऊन येतात, घसा फुटेस्तोवर ओरडतात. यम्नाच्या नावाने ओरडायला तिथे कुणी नाही.

म्हणून एक काम करा. तुमचं कुणीतरी तिकडे असेलच, भाचा, मेहुणी, कॉलेजचा रूम पार्टनर. त्याला आजच फोन लावा आणि त्या शनिवारी तिथे पाठवा. सगळे लोक वर बघतील. त्याला सांगा, तू खाली बघ, रुंद खांद्यांची, लांब बाह्यांची पोरगी शोध, आणि 'यम्ना' म्हणून मराठीत अशी आरोळी ठोक, की मोबाइलवर बघत बसलेल्या तिच्या बापाला शारजात ऐकू आली पाहिजे.